पायऱ्या चढून वर

(दृश्य: काळा घोडा, सकाळ. फूटपाथवर प्लास्टिकचे कागद उलगडत आहेत.)

सकाळचे दहा वाजलेत. जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेरचा फूटपाथ हळूहळू भरू लागलाय. प्लास्टिकमधून चित्रं निघतायत. कुणी ती ओळीनं टेकवून ठेवतंय, कुणी फडक्यानं धूळ पुसतंय. एक जण स्टूल टाकून, पेन्सिलीला टोक काढून, आज पहिला चेहरा कुणाचा मिळतो याची वाट बघतोय.

त्याच्या पाठीमागे चार पायऱ्या आहेत. त्या चढलं की जहांगीरची दालनं. अंतर म्हणाल तर दहा पावलांचं. पण ते पार करण्यात कुणाकुणाची हयात जाते.

आज आपण मुंबईतल्या कलादालनांच्या अशाच पायऱ्या चढणार आहोत.

जहांगीर सुरू झाली १९५२ साली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ ती बांधायला पैसा दिला. त्यामागे आग्रह होता चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांचा. इथं तिकीट नाही. दालन आठवडाभरासाठी भाड्यानं मिळतं आणि त्यासाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. म्हणून तो एक आठवडा फार मोलाचा. गावाकडून टेम्पोत चित्रं घालून चित्रकार येतो, कधी सोबत घरची माणसंही येतात. दाराशी टेबल, टेबलावर अभिप्रायाची वही. मला ही वही नेहमी वाचावीशी वाटते. तिच्यात समीक्षकाची सही असते, आणि तिच्याच खाली पाऊस लागला म्हणून आत शिरलेल्या एखाद्या माणसाच्या दोन मनापासूनच्या ओळी असतात.

इथून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर, सीएसएमटीच्या पलीकडे, १८५७ साली स्थापन झालेलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. या शहराच्या चित्रकलेचा मोठा प्रवाह तिथून निघाला. पण सगळाच नाही. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला, तेव्हा त्यातला सूझा जे. जे.मधून काढून टाकलेला विद्यार्थी होता. आरा लोकांच्या घरी नोकर म्हणून राबलेला होता. हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवून पुढे आलेला होता. आज ही नावं लिलावात कोटींमध्ये बोलली जातात. त्या काळी हेच ‘नवोदित’ होते, हे विसरायला होतं.

(दृश्य: फोर्ट. जुन्या इमारतीचा लाकडी जिना.)

चित्राच्या चौकटी विकणाऱ्या माणसाकडे त्या चौकटीतलं चित्रही येतं. केकू गांधींचं तसंच झालं. फ्रेमच्या धंद्यातून त्यांची चित्रकारांशी दोस्ती झाली आणि १९६३ मध्ये जहांगीरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली. छोटीशी जागा. पण डहाणूच्या जिव्या सोमा म्हशे यांची वारली चित्रं १९७०च्या दशकात त्याच जागेत लागली. लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनींनी काढायची चित्रं एका आदिवासी पुरुषानं कागदावर आणली होती, आणि ती ‘लोककला’ म्हणून बाजूला न ठेवता चित्रकाराचं काम म्हणून मांडली गेली. २००७ मध्ये केमोल्ड फोर्टमधल्या क्वीन्स मॅन्शनमध्ये तिसऱ्या मजल्यावर गेली.

आणि इथं जरा थांबायला हवं. कारण मुंबईतल्या बहुतेक खाजगी गॅलऱ्या अशाच आहेत. रस्त्यावरून दिसत नाहीत. जुनी इमारत, अंधारा जिना, पितळी पाटी, बंद दार, दारावर बेल. प्रवेश सगळ्यांना मोफत. पण हे दारावर लिहिलेलं नसतं.

मी पहिल्यांदा अशा दारापर्यंत गेले, तेव्हा बेल न वाजवताच खाली उतरले. काही घ्यायचं नसताना आत कसं जायचं, हा प्रश्न. आत काय बोलायचं, हा दुसरा. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले आणि बेल वाजवली. दार उघडणाऱ्या मुलीनं फक्त एक कागद हातात दिला, चित्रांची यादी, आणि ती आपल्या टेबलाकडे वळली. एवढंच. कुणी काही विचारलं नाही. त्या दुपारी मी एकाच चित्रासमोर अर्धा तास उभी होते.

(दृश्य: कुलाबा. ताजच्या मागचे रस्ते.)

कुलाब्यातल्या या गल्ल्यांमध्ये एका दुपारात चार-पाच प्रदर्शनं सहज बघून होतात. झवेरी कंटेम्पररी, मिरचंदानी अँड स्टाइनरूके, कोलकात्याच्या एक्सपेरिमेंटरनं २०२२ मध्ये इथं उघडलेली गॅलरी. जुन्या छापखान्याच्या जागेतली प्रोजेक्ट ८८. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा रस्त्यांना जत्रेची कळा येते. मला मात्र साधा मंगळवार आवडतो. दालनात आपण एकटे आणि एसीचा आवाज.

पण आत आहे काय?

चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती. कोळशाच्या खाणींचा मुलूख. प्रभाकर पाचपुते तिथला, जन्म १९८६चा. घरातल्या पिढ्या खाणीत राबल्या. हा मुलगा शिल्पकला शिकला, पण हातात घेतला तो कोळसाच. २०१२ मध्ये कुलाब्याच्या क्लार्क हाऊस इनिशिएटिव्हमध्ये त्याचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. त्याच्या रेखाटनांमधल्या माणसांच्या धडावर डोकं नसतं. त्या जागी दिवा असतो, अवजार असतं, कधी आणखीच काही. काम माणसाचं काय करतं, हे त्या एका आकारात कळतं. २०२१ मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार सहा कलावंतांना मिळून दिला गेला. त्या सहांत पाचपुते होता.

दुसरा अमोल पाटील. मुंबईचाच, प्रभादेवीच्या रचना संसदमध्ये शिकलेला. आजोबा पोवाडे करणारे, वडील नाटककार. चाळीतली खोली, कामगारांचं नाटक, रात्री घुमणारा आवाज, हे सगळं त्याच्या कामात आहे. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात, दर पाच वर्षांनी भरणाऱ्या डॉक्युमेंटा या महाप्रदर्शनात, त्यानं सफाई कामगारांचं जग मांडलं. हा पोवाडा आपला आहे. ही चाळ आपली आहे. आणि त्या कामाबद्दल कासेलमध्ये जितकं बोललं गेलं, तितकं दादर-परळमध्ये बोललं गेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोष कुणा एकाचा नाही. पण गॅलरीतला कागद बहुतेकदा इंग्रजीत असतो, आणि चित्राबद्दल मराठीत लिहिणारे हात कमी झालेत.

(दृश्य: भिंतीवरचं चित्र. बाजूला छोटी लाल टिकली.)

ही लाल टिकली म्हणजे चित्र विकलं गेलं. किंमत ठरते ती बरीचशी आकारावर आणि आधीच्या प्रदर्शनांवर. आलेल्या पैशातला साधारण निम्मा वाटा गॅलरीचा. ऐकायला जास्त वाटतं. पण जागेचं भाडं, वाहतूक, विमा, छापील पुस्तिका, आणि मुख्य म्हणजे घेणाऱ्याला दारापर्यंत आणणं, हे सगळं त्यात येतं. उरलेल्या निम्म्यात चित्रकाराचे रंग, कॅनव्हास, स्टुडिओचं भाडं. आणि पुढचं प्रदर्शन दोन-तीन वर्षांनी.

म्हणून स्टुडिओ दूर सरकले. वसई, विरार, कल्याण, नवी मुंबई. एका खोलीत राहणं आणि त्याच खोलीत रंगवणं. कॅनव्हास किती मोठा घ्यायचा हे कल्पना ठरवत नाही, जिन्याचं वळण ठरवतं. मोठं चित्र दोन-तीन तुकड्यांत करायचं आणि गॅलरीत पोहोचल्यावर जोडायचं. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून रेखाटनं कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात, कपड्यांच्याही वर.

विक्रीचा हंगाम मंदावतो तोही याच दिवसांत. काही गॅलऱ्या तेव्हा नव्या मुलांची एकत्र प्रदर्शनं लावतात. उद्या ज्याचं नाव होईल त्याचं पहिलं काम बघायचं असेल, तर छत्री घेऊन जुलैत निघावं.

(दृश्य: पुन्हा जहांगीर. संध्याकाळ.)

सात वाजत आलेत. आठवडा संपलाय. एका दालनातून बबल रॅपमध्ये गुंडाळलेली चित्रं बाहेर येतायत. अभिप्रायाची वही चित्रकारानं पिशवीत न टाकता हातातच धरलीय. फूटपाथवरचा पेन्सिलवाला उठून उभा राहिलाय आणि मोठ्या कॅनव्हासचं एक टोक त्यानं धरलंय. दोघं मिळून चार पायऱ्या उतरतायत, जपून, आडवे होऊन. खाली एक टेम्पो निघायच्या तयारीत आहे. त्याच्या मागे दुसरा येऊन लागलाय, दोरखंडानं बांधलेला, उद्याच्या चित्रांचा.