शिकार तरसांची, जेवण सिंहाचं

नमस्कार मंडळी. आज जरा मारामारीचा विषय घेतलाय, म्हणजे आफ्रिकेत सफारीला गेलं की एकाच शिकारीवर दोन-तीन जातींची जनावरं कशी तुटून पडतात, मारतं कोण आणि खातं कोण. सिंह मारतो आणि तरस उष्टं खातं, असंच ऐकत आलोय ना आपण? टीव्हीवर पण तरस दिसलं की लगेच ते व्हिलनचं म्युझिक सुरू, मला त्या म्युझिकचा फार राग आहे, जंगलात असलं काही वाजत नाही हो.

तर टांझानियात गोरोंगोरो म्हणून जागा आहे, जुन्या ज्वालामुखीचा खचलेला खड्डा, साधारण 600 मीटर खोल, तळ 260 चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्या तळावर झेब्रे, विल्डबीस्ट म्हणजे गाईसारखी दिसणारी मोठी हरणं, रानम्हशी, सिंह, तरसं सगळे एकत्र नांदतात. तिथं 1960 च्या दशकात हान्स क्रूक नावाचा डच शास्त्रज्ञ चांदण्या रात्री तरसांच्या मागं मागं फिरला. रात्री फिरला, हे लक्षात ठेवा. कारण सकाळी जाणाऱ्याला काय दिसतं, सिंह खातोय आणि तरसं भोवती ताटकळतायत, मग तो म्हणणार, आली बघा फुकटी. क्रूकला रात्री दिसलं ते बरोबर उलटं, तरसांनीच विल्डबीस्टला पळवून पळवून मारलं आणि सिंह आवाज ऐकून आयता हजर झाला. परत सांगतो, मारलं तरसांनी, खाल्लं सिंहानं. सगळ्या आफ्रिकेत असंच चालतं असं नाही हां, सिंह स्वतःही भरपूर शिकार करतात, पण या खड्ड्यात तरसांची संख्या मोठी, म्हणून तिथं हा प्रकार जास्त.

आता आमची गोष्ट. ही मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि मी सुरुवात केली की आमची ही चहा ठेवायला आत जाते. आम्ही पहाटे सेनेटोच्या रस्त्यानं त्याच खड्ड्यात खाली उतरत होतो, धुकं इतकं की पुढची जीप दिसेना, सोबत माझी आत्या, वय सत्तरच्या पुढं, शाल गुंडाळून, मांडीवर थेपल्यांचा डबा. खाली पोचलो, ऊन नुकतं येत होतं, आणि ड्रायव्हरनं एकदम इंजिन बंद केलं. समोर पंधरा-वीस तरसं एका विल्डबीस्टवर, तोंडं लालभडक, आणि तो आवाज, हसल्यासारखा, खिखिखिखि, अंगावर काटा येतो. ते हसणं नसतं बरं का, एकमेकांना ढकलताना जे दबतं, घाबरतं ते तसं ओरडतं. या ठिपकेवाल्या तरसांत बायकांचं राज्य, सगळ्यात वरच्या मादीचं पिल्लूसुद्धा मोठ्या नरांच्या आधी खातं, आत्याला ही व्यवस्था फार आवडली.

पण या आरडाओरड्यातच सगळा घोटाळा आहे. हा आवाज सिंहाला लांबून ऐकू जातो. संशोधक तर तरसांच्या आवाजाची टेप लावून सिंह बोलावतात, इतकं ते हमखास.

आम्ही सगळे मेलेल्या विल्डबीस्टकडे बघतोय आणि ड्रायव्हर म्हणतो, तिकडे नका बघू, तरसं कुठं बघतायत ते बघा. खरंच, एक-एक करून माना वर झाल्या, शेपट्या ताठ, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. आणि गवतातून दोन नर सिंह, आयाळवाले, डोकं खाली घालून दुडक्या चालीनं सरळ आमच्याकडे, म्हणजे जेवणाकडे! तरसं फुटली, एक जण अख्खी तंगडी घेऊन पळालं, बाकीची थोडी लांब जाऊन ऊऽऽप ऊऽऽप करत परत गोळा झाली, खांद्याला खांदा लावून पुढं आली, अगदी दहा मीटरवर, आणि एक सिंह उठून असा धावला त्यांच्यावर की धुळीत काही दिसेना. दुसरा मात्र पंगत उठेल की काय या भीतीनं बसल्यासारखा मान वर न करता खातच होता. आत्या जोरात म्हणाली, "अरे पण मारलं त्यांनी ना, हे कोण आले मधेच?" ड्रायव्हरला मराठी येत नाही तरी तो हसला.

सिंहिणी असत्या ना, तर कदाचित चित्र बदललं असतं. बोत्स्वानात सवुतीला असं दिसलंय की तरसं चौपटीनं जास्त असली तर सिंहिणींना शिकारीवरून हाकलतात, पण मोठा नर तिथं असला की त्यांचं काही चालत नाही. इथं तर दोन होते. मग तरसं बसली, वाट बघत. तेवढ्यात एक कोल्हा, काळ्या पाठीचा, सिंहाच्या मागून आला, लचका तोडला, पळाला, परत आला, परत तोडला, सिंहानं ढुंकून बघितलं नाही. तासाभरानं दोघं सिंह पोटं लोंबवत सावलीला गेले आणि तरसांनी उरलेली हाडं फोडली, कडाकड आवाज जीपपर्यंत येत होता. हाडं पचतात त्यांना, म्हणून त्यांची विष्ठा पांढरी असते. तोवर बारा-पंधरा जीप जमल्या होत्या, एकीत कुणीतरी व्हिडिओ कॉलवर घरच्यांना सिंह दाखवत होतं ओरडून ओरडून, अशा लोकांचे फोन गेटवरच जमा करून घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

नंतर नगोइटोकिटोकच्या तळ्याकाठी जेवायला थांबलो, पॅक लंचमध्ये तेच गार चिकन आणि केळं, तर आत्यानं थेपला काढला आणि वरून घार आली आणि हातातून थेपला गायब! तिथल्या घारी याच कामाला आहेत, गाडीत बसून खा म्हणून ड्रायव्हर सांगत होताच.

चित्त्याचं थोडक्यात सांगतो. तो पळतो जोरात पण त्यानंतर इतकी धाप लागते की बराच वेळ खाताही येत नाही, आणि तेवढ्यात एखादं तरस आलं तर तो सरळ सोडून निघून जातो. भांडत नाही, कारण पाय दुखावला तर पुढची शिकार कोण करणार? बिबट्या आपली शिकार पुष्कळदा झाडावर नेऊन ठेवतो, प्रश्नच मिटला.

तर कुणी जाणार असाल तर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, तरसं दिसली की थांबायचं, नाहीतर तो तुम्हाला झोपलेले सिंह दाखवत फिरवेल. गेट सकाळी सहाला उघडतं, तेव्हाच उतरा. आणि स्वेटर न्या हो, खड्ड्याच्या काठावर पहाटे दात वाजतात, आफ्रिका म्हणून बॅगभर टी-शर्ट आणलेली मंडळी मी तिथं कुडकुडताना बघितलीयत. चला, वेळ झाली, पुढं बातम्या आहेत. नमस्कार.