पूर्वज परत आणायचे, पण कुठल्या गावात?

नागा म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना नाशिकच्या कुंभमेळ्यातले साधू आठवतात, त्यांचा ह्या लोकांशी काही संबंध नाही हे आधीच सांगते. मी बोलतेय ते नागालँड, मणिपूर, आसाम, अरुणाचल आणि सीमेपलीकडे म्यानमारमधल्या आओ, अंगामी, कोन्याक, सुमी, तांगखुल अशा कितीतरी जमातींबद्दल. भाषा इतक्या वेगळ्या की एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही, म्हणून नागालँडच्या बाजारात नागामीज ही आसामीवरून बनलेली सगळ्यांची मिश्र बोली चालते.

ऑक्टोबर 2024 मधे इंग्लंडमधल्या एका लिलावात शिंगं लावलेली नागा माणसाची कवटी विकायला ठेवली होती. माणसाची कवटी, जुन्या फर्निचरसारखी! नागालँडमधे लोक खवळले, मुख्यमंत्री नेफिऊ रिओंनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं, तेव्हा कुठे ती लिलावातून काढली. पण ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममधे नागांच्या 6500 च्या आसपास वस्तू आहेत, त्यात माणसांचे अवशेषसुद्धा. हे तिकडे गेलं कसं? हटन आणि मिल्स हे नागा हिल्समधले इंग्रज अधिकारी, त्यांनी बरंच काही गोळा केलं, त्यांचं लिखाण आजही उपयोगी पडतं हे मला मान्य आहे, पण जो साहेब घरपट्टी घेतो आणि गावाला शिक्षाही करतो त्याने भाला मागितला तर नाही कोण म्हणणार?

माझा सगळ्यात जास्त जीव तुटतो तो मोरुंगसाठी. मोरुंग म्हणजे गावातल्या तरुण पोरांचं एकत्र राहायचं घर, तिथेच झोपायचं, रात्री गावाचा पहारा द्यायचा, आणि टोपल्या विणणं, लाकूड कोरणं, गाणी, कोण कुठून आलं त्या कथा, सगळं मोठ्यांकडून तिथेच शिकायचं. लिपी नव्हती, त्यामुळे शाळा तीच आणि गावाचं दफ्तरही तेच. अख्ख्या झाडाचं खोड पोखरून केलेला ढोल असायचा, तो सगळं गाव मिळून जंगलातून ओढत आणायचं. 1872 पासून आओ गावांत बाप्टिस्ट मिशन आलं, त्यांनी रोमन लिपी दिली, शाळा काढल्या, ते काम मोठंच आहे, पण बाप्तिस्मा घेतलेल्यांना मोरुंग आणि जुनी गाणी वर्ज्य झाली, आणि पोरं जायची थांबली की मोरुंगमधलं शिकणंही थांबलं.

पिट रिव्हर्स म्युझियमने 2020 मधे माणसांचे ते अवशेष मांडणीतून काढले, आणि जून 2025 मधे नागा प्रतिनिधी तिथे जाऊन ते डोळ्यांनी बघून आले. आता परत आणायचे, पण कुठे? काही कवट्या लढाईत शत्रूच्या गावातून उतरवून आणलेल्या, मग ती कवटी उतरवणाऱ्या गावाची की ज्याचं डोकं गेलं त्याच्या गावाची? आज बहुतेक नागा ख्रिस्ती आहेत, गेलेला माणूस जुन्या धर्मातला, मग त्याला माती देताना विधी कुठला करायचा? फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन ह्या नागा संघटनेची माणसं हेच प्रश्न घेऊन गावोगाव जातायत, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून विचारतायत.