उभ्या विमानाचे इंजिन

मित्रहो, खारा वारा लोखंडाचे काय करतो हे गोव्यातल्या श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ट्रॉलर धक्क्याला लागतात, तेव्हा जाणता मालक इंजिनाची तेलपाण्याची व्यवस्था लावल्याशिवाय घरी बसत नाही. लहान विमानाच्या बाबतीत मात्र हे शहाणपण विसरले जाते आणि विमान उडाले नाही म्हणजे इंजिन झिजले नाही, असे धरून चालतात. देखभालीतल्या हयगयीमुळे होणाऱ्या अपघातांचा विचार करताना मला ही समजूत सर्वांत घातक वाटते, म्हणून आज तिच्याविषयीच बोलणार आहे.

चार आसनांच्या विमानात बहुधा हवेने थंड होणारे चार सिलिंडरांचे पिस्टन इंजिन असते. लायकमिंग कंपनीच्या अशा बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे आपल्या उंचवट्यांनी (कॅमनी) व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या बाजूला, पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्याही वर असतो. इंजिन थांबले की तेल निथळून तळाशी जाते आणि हा भाग कोरडा पडतो. इंधन जळताना निर्माण झालेले पाणी आणि आम्ले आत उरलेली असतातच, त्यात बाहेरची दमट हवा मिसळते. दमट प्रदेशात नव्या इंजिनाच्या सिलिंडरांत अवघ्या दोन दिवसांत गंज आढळू शकतो, असे ही कंपनीच सांगते. गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांवरून टॅपेट, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा भाग, घासत राहतो, पृष्ठभागाचा कठीण थर सोलून निघतो, कॅमची उंची घटते, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि शक्ती कमी होत जाते. तीही इतक्या सावकाश, की त्याच विमानावर हात बसलेल्या वैमानिकाला फरक जाणवत नाही. उड्डाणापूर्वी दोन्ही मॅग्नेटो, म्हणजे स्पार्क प्लगना वीज पुरवणारी यंत्रे, आळीपाळीने तपासतात, ते आवश्यकच आहे, पण झिजलेला कॅम त्या तपासणीत सापडत नाही.

या कंपनीच्या अनेक इंजिनांसाठी संपूर्ण दुरुस्तीची मुदत २००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी दिलेली असते. वाचणारा पहिला आकडा वाचतो. मी एकदा असेच एक इंजिन पाहिले होते: नोंदवहीत तास थोडे, प्रत्येक सही जागच्या जागी, आणि तेलाचा फिल्टर कापून उलगडला तर कागदाच्या घड्यांत चकाकणारे पोलादाचे कण. आधीच्या तपासण्यांत फिल्टर बदलला होता, पण तो कापून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. मला आजही त्या नीटनेटक्या सह्या अस्वस्थ करतात.

असे इंजिन दगा देते ते बहुधा उड्डाण घेताना, कारण पूर्ण शक्ती तेव्हाच मागितली जाते. हजार फुटांवर इंजिन बंद पडले, तर सेसना १७२ सारखे विमान वारा नसताना जेमतेम पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते. आपल्या किनाऱ्यावर तेवढ्या अंतरात समुद्र, माड किंवा घरे यांखेरीज काय मिळणार?

इंजिन बंद न पडताही देखभालीतली चूक जीव घेऊ शकते. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना घेऊन जाणारे पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत कोसळले. त्यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचे घातक प्रमाण आढळले आणि हा वायू इंजिनाचा धूर बाहेर टाकणाऱ्या एक्झॉस्टमधूनच केबिनमध्ये शिरला असावा, असा निष्कर्ष ब्रिटिश तपास यंत्रणेने काढला.

उभ्या विमानाचे इंजिन आठवड्यातून दहा मिनिटे जमिनीवर चालवले की काम भागले, असेही पुष्कळांना वाटते. त्याने उलट नुकसान होते: तेल पुरेसे तापत नाही, आतले पाणी उडून जात नाही, त्यात नव्या पाण्याची भर पडते. तीस दिवसांच्या आत किमान एक तास सलग उड्डाण, तेही तेलाचे तापमान ७४ ते ९३ अंश सेल्सिअस राखून, असा उत्पादकाचा सल्ला आहे. पावसाळ्यात ते जमणार नसेल, तर मे महिन्यातच संरक्षक तेल भरावे आणि स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे पारदर्शक प्लग बसवावेत. आतले निळे दाणे ओल शोषून गुलाबी होतात आणि बदलावे लागतात, म्हणून भर जुलैत, धो धो पावसातही, कोणीतरी हँगरमध्ये जाऊन त्यांचा रंग पाहिला पाहिजे.