गाय, पक्षी आणि तीस वर्षांची हमी

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, आग्नेय कोपऱ्यात, हार्नी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. क्षेत्रफळ 26 हजार चौरस किलोमीटरहून जास्त, आपल्या नगर जिल्ह्याच्या दीडपट. आणि माणसं? साडेसात हजारांच्या आसपास! गाईगुरं त्याहून कितीतरी जास्त. सुमारे तीन चतुर्थांश जमीन केंद्र सरकारची. 1934 च्या टेलर कायद्यापासून अशा जमिनीवर चराईला परवाना लागतो. गाय-वासराच्या जोडीला महिन्याला 1.35 डॉलर, हा 2019 ते 2025 मधला दर. स्वस्तच म्हणायचा, पण कुरण दुसऱ्याचं, त्यामुळे नियम कधी बदलेल ही धास्ती कायमची.

दुष्काळी मदतीचं म्हणाल, तर तिथे दर गुरुवारी दुष्काळाचा नकाशा निघतो. काउंटीवर तीव्र दुष्काळ दाखवणारा रंग पुरेसे आठवडे टिकला की बुडालेल्या चाऱ्यासाठी अर्ज करता येतो. पैसेवारीवरून भांडण्यात आयुष्य गेलेल्या आपल्या माणसांना याचा हेवाच वाटेल.

असो. मला सांगायचंय ते सेज ग्राऊजबद्दल. कोंबड्याहून थोराड असा हा माळावरचा पक्षी. आपल्या माळढोकासारखाच याचा नरही विणीच्या काळात छाती फुगवून मिरवतो. 2010 मध्ये केंद्राच्या वन्यजीव खात्यानं म्हटलं, याला कायद्याचं संरक्षण द्यायला हवं, पण रांगेत आधी दुसरे आहेत. पशुपालकांच्या पोटात गोळाच आला. पक्षी संरक्षित प्रजातींच्या यादीत गेला की आपल्याच रानात आपल्याला मज्जाव होणार!

ते गप्प बसले नाहीत. तिथल्या मृद-जलसंधारण मंडळाला मध्ये घेऊन खात्याशी बोलत राहिले आणि 2014 मध्ये करार झाला. मालकानं खासगी जमिनीवर पक्ष्याला काय जाचतंय ते पाहून उपाय करायचे. बदल्यात पुढे पक्षी यादीत गेला तरी तीस वर्षं नवी बंधनं लादायची नाहीत.

उपाय अगदी साधे. माजलेली ज्युनिपरची झाडं तोडायची, कारण त्यांवर बसून ससाणे-कावळे टेहळणी करतात. काटेरी तारेला पांढऱ्या पट्ट्या अडकवायच्या, म्हणजे पहाटेच्या अंधारात उडणारा पक्षी तारेवर आपटत नाही. गुरांच्या डोणीत उतरती जाळी ठेवायची. पाण्यात पडलेलं पाखरू तिच्यावरून चढून बाहेर येतं. झाडतोडीला केंद्राच्या मृदसंधारण खात्याचं अनुदान मिळू शकतं. ज्युनिपर भरपूर पाणी ओढतं. ते गेलं की गवत वाढतं, म्हणजे गाईचाही फायदा. पण माझ्या मते, पैशापेक्षा त्यांना गरज होती ती सरकारच्या लेखी शब्दाची.

2016 च्या जानेवारीत याच काउंटीतलं मालूर अभयारण्य सशस्त्र लोकांनी 41 दिवस बळकावलं. जगाला हार्नी कळली ती तेव्हा. पण बळकावणारे बहुतेक बाहेरचे होते. त्याच्या चारच महिने आधी, सप्टेंबर 2015 मध्ये, वन्यजीव खात्यानं जाहीर केलं होतं की सेज ग्राऊजला यादीत घालण्याची गरज उरलेली नाही. अकरा राज्यांतले असेच प्रयत्न त्यामागे होते. ती बातमी मात्र पक्षीप्रेमी आणि गुराखी सोडले तर फारशी कुणी वाचली नसावी.