33 अनारसे आणि दोन एकादश्या

श्रोतेहो, नमस्कार. चंद्राचे बारा महिने 354 दिवसांत उरकतात आणि सूर्याचं वर्ष 365 दिवसांचं. म्हणजे दरसाल अकरा दिवसांची तूट. ती साठत साठत 32-33 महिन्यांनी पंचांगात एक आख्खा महिना वाढतो. तोच आपला अधिक, धोंड्याचा महिना. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सूर्याने रास बदलली नाही, की तो महिना अधिक. पुन्हा सांगते, ज्या महिन्यात संक्रांत नाही, तो अधिक. 2023 साली श्रावण दोनदा होता, 2026 साली ज्येष्ठ. सणवार सगळे पुढच्या निज, म्हणजे खऱ्या महिन्यात. मग अधिकात काय? अधिकात जावई, आणि त्याला 33 अनारशांचं वाण!

आमच्या ताईच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. आईने तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, फडक्यावर पसरले, ओलसर असतानाच कुटून गुळात मुरवले. तयार पिठाच्या पाकिटातून निघतो त्याला मी अनारसा म्हणत नाही, रागावलात तरी चालेल. तर तळायला बसली आणि पहिले पाच तुपात हसले, म्हणजे विरघळून पसरले. अनारसा हसला की करणारी रडते! मग तांदळाचं कोरडं पीठ मिसळून, खसखस वर ठेवून, झाऱ्याने तूप उडवत तिने मोजून 33 केले. हसलेले वेगळ्या डब्यात.

भाऊजी आले ते नेमके एकादशीला. आई म्हणाली, "आज तांदूळ नको, जावईबापू. अनारसे उद्या पारण्याला." सगळ्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, मुळात सगळी अमेरिकेकडची मंडळी. ती उपवासाला चालतात आणि आपले मूग चालत नाहीत, हे मला आजवर पटलेलं नाही. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावून आईने ताट पुढे केलं. भाऊजींनी हात जोडले. "आई, एकादशी आहे माझी."

"अहो, काल झाली की!"

"काल स्मार्त. आमच्याकडे वारी आहे, आम्ही भागवत धरतो."

पहाटे अरुणोदयाला दशमी शिल्लक असेल, तर वैष्णव ती एकादशी सोडून दुसऱ्या दिवशीची धरतात. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आठवलं मात्र कुणालाच नाही.

"मग काल खिचडी कशाला खाल्लीत?"

"तुम्ही सगळे उपाशी, मी एकटा पोळी कशी मागणार?"

तिसऱ्या दिवशी त्यांना पहाटेची एसटी. आईने कंदिलाच्या उजेडात अनारसे डब्यात भरताना मोजले, तर 31! पुन्हा मोजले. 31च. मग हसलेल्यातले त्यातल्या त्यात दोन बरे निवडून तिने तळाशी सरकवले.

ते दोन कुणी खाल्ले, हे आईला कधी कळलं नाही. श्रोतेहो, तुम्हीही तिला सांगू नका.