एरंडेल प्यायलेलं विमान

(पडद्यावर: पत्र्यावर कोसळणारा जुलैचा पाऊस. आत गॅलरीत, कपड्यांच्या दोरीला टांगलेलं एक लाल विमान.)

गेले बारा दिवस हे विमान असंच टांगलेलं आहे. रविवारी रंग दिला तेव्हा काका म्हणाले होते, "रात्रभर राहू दे, सकाळी हात लाव." सकाळी मी हात लावला. त्याची खूण अजून तिथेच आहे.

(पडद्यावर: विमानाच्या नाकाजवळ लाल रंगात उमटलेला अंगठा. रेघान् रेघ मोजता येईल इतका स्पष्ट.)

हा माझा अंगठा. शेजारचा काळा ठिपका म्हणजे डास. आणि त्याच्यावर आडवं पडलंय ते पांढरं सूत काकांच्या बनियनचं.

विमान बाल्साचं. बाल्सा म्हणजे इक्वाडोरहून येणारं, हातात घेतलं तर वजनच लागू नये असं लाकूड. पंखांचा पसारा जेमतेम साडेतीन फूट. रिमोट वगैरे भानगड नाही. दोन बारीक तारा, हातात एक मूठ आणि मैदानाच्या मधोमध उभा राहून विमानासोबत गरगर फिरणारा माणूस. याला कंट्रोल लाइन म्हणतात. काका हे शिकले एनसीसीच्या एअर विंगमध्ये. एअर विंग १९५० सालची, आणि एरोमॉडेलिंग हा तिथला शिकवायचा विषयच. हे विमान काकांनी स्वतः बांधलं, उडवलं, दोनदा आपटलं, दोनदा जोडलं. मग नोकरी, लग्न, बदल्या. विमान माळ्यावर गेलं ते यंदा मे महिन्यात खाली उतरलं.

काकांनी जुना रंग घासून काढला. नाकाकडचं लाकूड कळकट दिसत होतं म्हणून टर्पेंटाईनच्या फडक्याने दोनदा पुसलं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून लाल ऑइल पेंटचा छोटा डबा आणला, तळाशी बसलेला रंग काडीने ढवळून वर आणला, आणि एका बैठकीत सगळं विमान रंगवलं.

आता हा चिकटपणा. घरात प्रत्येकाकडे निदान तयार होतं. काकू म्हणाल्या, पावसाळ्यात रंगकाम करतं का कुणी? शेजारचे म्हणाले, दुकानदाराने जुना डबा खपवला. मी हेअर ड्रायर आणला. कुणी टाल्कम पावडर मारायला सांगितली. वरून क्लिअर लॅकरचा हात मारा, चिकटपणा आत दबून जाईल, असाही एक सल्ला आला. तो ऐकून काकांनी कपाळाला हात लावला, आणि बरोबरच होतं. कच्च्या ऑइल पेंटवर लॅकर पडलं की त्यातला थिनर खालचा रंग फुगवतो आणि सायीसारख्या सुरकुत्या येतात.

(पडद्यावर: काकांचं बोट. बोटाची उलटी बाजू टेकवत शेपटीपासून पुढे सरकतंय.)

शेपूट कोरडी. पंख कोरडे, नखाने वाजवले तर टकटक आवाज येतो. मधलं अंगही ठीक. मग इंजिनाच्या एक्झॉस्टचं तोंड जिथे असतं तिथून मागे निमुळता होत गेलेला, वीतभर लांबीचा एक पट्टा, आणि अख्खं नाक. बोट तिथेच थांबतं.

"डबा एक, ब्रश एक, दिवस एक," काका म्हणाले. "पाऊस काय नुसता नाकावर पडला?"

इथे 'वाळणं' हा शब्द जरा फसवतो. ओला टॉवेल वाळतो म्हणजे पाणी उडून जातं. ऑइल पेंटमधलं टर्पेंटाईनही तसंच काही तासांत उडतं, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. मागे उरलेला तेलकट भाग हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, तेलाच्या साखळ्या एकमेकींना गुंततात, आणि द्रव होतं त्याचं जाळं होऊन बसतं. जवसाचं तेल यात पटाईत. आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. त्याच्या बऱ्याचशा साखळ्यांत ऑक्सिजनला पकड घ्यायला तीन-तीन जागा असतात. कामाला वेग यावा म्हणून रंगात कोबाल्ट, मँगनीज, झिर्कोनियम यांचे क्षार चिमूटभर घालतात. दमट, गार हवेत हे सगळं रेंगाळतं, म्हणजे काकूंचं अगदीच चूक नव्हतं. पण रेंगाळलं असतं तर सगळीकडेच.

नाकावर दुसरंच कुणीतरी ठाण मांडून बसलं होतं.

(पडद्यावर: विमानाचं जुनं ग्लो इंजिन, म्हणजे मॉडेल विमानांत बसवतात ते छोटं इंजिन, लिंबाएवढं. फटींमध्ये तपकिरी, लाखेसारखा थर.)

या इंजिनाला वेगळी तेलाची टाकी नसते. वंगण इंधनातच मिसळलेलं. मुख्य भाग मिथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल, थोडं नायट्रोमिथेन आणि साधारण पाचवा हिस्सा तेल. पूर्वी ते तेल म्हणजे एरंडेल. लहानपणी नाक दाबून पाजायचे तेच. इंजिनात ते फारसं जळत नाही, एक्झॉस्टमधून फवारा होऊन बाहेर पडतं आणि विमानाच्या अंगावर बसतं. बाल्सा स्पंजसारखा. किती वर्षं पीत होता कोण जाणे.

एरंडेलाच्या बहुतेक साखळ्यांत ऑक्सिजनला धरायला एकच जागा. त्यामुळे ते जवसासारखं वाळत नाही. वर ते ताज्या रंगात शिरतं आणि त्यालाही वाळू देत नाही.

मग काकांनी टर्पेंटाईनने दोनदा पुसलं, त्याचं काय? मला सगळ्यात मजेशीर वाटलेली गोष्ट हीच. इतर तेलं पेट्रोल, टर्पेंटाईन यांत सहज विरघळतात. एरंडेल तिथे नाखूश. ते रमतं स्पिरिटमध्ये, अल्कोहोलमध्ये. मिथेनॉलच्या इंधनात ते एकजीव होतं ते याचमुळे. आणि पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांना एरंडेल दिलं जायचं तेही याचमुळे, पेट्रोलने ते धुऊन जात नसे. १९१७ साली अशाच इंजिनाचं सॉपविथ कॅमल हे लढाऊ विमान उडवणारे आपले वैमानिक हरदित सिंग मलिक याच तेलाच्या वासात उडत असणार. काकांच्या फडक्याने वरची धूळ काढली, तेल जागच्या जागी.

(पडद्यावर: प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडलेला रंग. च्युइंगगमसारखी लाल वळी.)

आता उलट दिशेने प्रवास. आधी नाकावरचा रंग काढला. तो अजून कच्चा असल्याने टर्पेंटाईनने लगेच सुटला, टर्पेंटाईनचा उपयोग इथे. मग पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट. फडकं भिजवायचं, पुसायचं, फडकं बदलायचं. पहिली तीन फडकी चहाच्या रंगाची झाली.

खोलवरचं तेल पुसून निघत नाही, त्याला बाहेर बोलवावं लागतं. काकूंच्या डब्यातलं कॉर्नफ्लॉवर स्पिरिटमध्ये कालवून इडलीच्या पिठाइतकं सैल केलं आणि नाकावर थापलं. स्पिरिट लाकडात शिरतं, तेल घेऊन पृष्ठभागावर येतं, उडून जातं. तेल पिठात राहतं. सुकलेली पांढरी खपली जागोजागी पिवळी पडते. ती ब्रशने झाडायची आणि पुन्हा थापायचं. हे पाच वेळा झालं. काकूंनी डबा परत मागितलेला नाही.

(पडद्यावर: ओळीने ठेवलेल्या पाच खपल्या. पहिली पिवळीधमक, पाचवी जवळजवळ पांढरी.)

समोरच्या सुतारकाकांनी वर चपड्याचं पॉलिश सुचवलं. फर्निचरला उत्तम, पण चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो आणि हे विमान मिथेनॉलवर उडणार आहे. म्हणून दोन ट्यूबवालं इपॉक्सी, थेंबभर स्पिरिटने पातळ करून. लाकडात उरलंसुरलं तेल असेल तर ते खाली बंद.

त्यावर पॉलिश पेपरचा हलका हात आणि रंग. तोच डबा, दुकानदार निर्दोष. या वेळी थर इतका पातळ की पहिल्या हातात खालचं लाकूड दिसत होतं. जाड थराची वर साय धरते आणि खाली ऑक्सिजन पोचत नाही. दोन हातांमध्ये दोन दिवस. पाऊस होताच, म्हणून टीव्हीच्या मोठ्या खोक्यात साठ वॅटचा पिवळा बल्ब. (तो मिळवायला चार दुकानं झाली, सगळीकडे एलईडी.) रंगाचा वास ओसरल्यावरच बल्ब लावायचा, वाफ पेट घेते. आणि खोक्याला भोकं हवीतच. बंद खोक्यात ऊब मिळेल, हवा मिळणार नाही.

(पडद्यावर: खोक्याच्या भोकांतून येणारा पिवळा उजेड. मग विमान टेबलावर.)

सहाव्या दिवशी काकांनी कापसाचा बोळा नाकावर ठेवला आणि फुंकर मारली. बोळा घरंगळत पंखावर गेला, तिथून खाली. दुसरा ठेवला एक्झॉस्टच्या पट्ट्यावर. तोही गेला. तिसरा इंजिनाच्या बोल्टच्या भोकाशी.

बोळा उडाला. एक तंतू मागे राहिला, भोकाच्या कडेला, फुंकरीबरोबर हलत.

काकांनी चष्मा वर केला, जवळून पाहिलं, आणि कॉर्नफ्लॉवरचा डबा पुढे ओढला.