नळाची मूठ गरगर फिरतेय? अख्खा नळ बदलू नका

(टेबलावर तीन सुटे नळ: जुना गोल मुठीचा, पाव वळणात उघडणारा आणि एका दांडीचा मिक्सर.)

मूठ फिरते, पण पाणी काही बंद होत नाही. मग कुणीतरी येऊन सांगतं, नळ गेला, नवा टाकावा लागेल. बऱ्याचदा नळाला काही झालेलं नसतं. झिजलेली असते ती मूठ, नाहीतर सुटलेला असतो तिला धरून ठेवणारा एक स्क्रू. आज फक्त मुठीचं बघू.

पाना हातात घ्यायच्या आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. नळ चालू असताना मुठीच्या बुडातून झिरपत असेल, तर ग्लँड (दांडीभोवती पाणी अडवणारं आवळतं पॅकिंग) सैल झालीय किंवा ओ-रिंग (रबरी कडी) गेलीय. मूठ फिरते पण आतली दांडी, म्हणजे स्पिंडल, जागचं हलत नाही? मग दाते झिजलेत. आणि नळ बंद करूनही तोंडातून थेंब पडतोय, तर वॉशरवर किंवा कार्ट्रिजवर (सिरॅमिकच्या चकत्यांनी पाणी अडवणारा आतला सुटा भाग) संशय घ्यायचा. पण थांबा, लगेच दुकानात पळू नका. मूठ काढा, स्पिंडलवर जाड फडकं गुंडाळा आणि पकडीने हलकेच बंदच्या दिशेला फिरवा. थेंब थांबला? मग वॉशर-कार्ट्रिज शाबूत आहे. मूठ स्पिंडलला शेवटपर्यंत नेत नव्हती, एवढंच. ही दोन मिनिटांची तपासणी न करता किती चांगली कार्ट्रिजं भंगारात जातात!

आणि थेंबच तर आहे, असं म्हणू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. २० थेंबांचा साधारण १ मिलिलिटर धरला, तर रोज ४ लिटरच्या वर पाणी वाहून जातं.

आता पाणी बंद करू. बेसिन आणि सिंकच्या खाली अँगल कॉक, म्हणजे छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पुरतो. बाथरूमच्या भिंतीतल्या नळासाठी माळ्यावरचा, डक्टमधला नाहीतर गच्चीवरच्या टाकीजवळचा व्हॉल्व्ह शोधावा लागेल. खरं तर नुसती मूठ काढली तर पाणी उडत नाही, कारण पाणी अडवतं ते आतलं कार्ट्रिज. तरीही बंद करा. अडकलेली मूठ हिसडताना आतला नट सैल झाला, तर टाकी थेट बाथरूममध्ये रिकामी होते. व्हॉल्व्ह जुना आणि जाम असेल तर त्यावर जोर करू नका, थोडा पुढे, थोडा मागे असा सोडवा. नळ एकदा उघडून पाईपमधलं पाणी जाऊ द्या. आणि जाळीवर फडकं टाका. हा स्क्रू एकदा मोरीत गेला की तसाच दुसरा मिळवण्यात अर्धा दिवस जातो.

(जवळून: मुठीवरचं लाल-निळं बटण.)

हे बटण म्हणजे टोपी आहे, हिच्याखाली स्क्रू लपलेला असतो. नेलकटरच्या कानशीचं टोक किंवा पातळ सुरी कडेला घाला आणि अलगद उचला. काही बटणं आट्यांची असतात, ती फिरवून निघतात. उचलून हलत नसेल तर आधी फिरवून बघा, नाहीतर बटणाचा तुकडा पडेल.

स्क्रू बहुतेक फुलीचा असतो. त्याला २ नंबरचा स्टार स्क्रू-ड्रायव्हर नीट बसतो. छोटा वापरलात तर फुली घासून गोल होते आणि पुढचं सगळं काम अवघड होतं. फुली आधीच घासली असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये ठेवा, अंगाचा भार टाकून दाबा आणि सावकाश फिरवा. स्क्रू गंजलेला दिसला तर परत तोच लावू नका. लोखंडाला गंज चढला की तो फुगतो, आणि फुगलेला गंजच मूठ आणि स्पिंडल एकमेकांत जाम करतो. जुना स्क्रू दुकानात न्या, त्याच आट्यांचा आणि तेवढ्याच लांबीचा स्टेनलेसचा किंवा पितळी घ्या. खिशात चुंबक असू द्या: जोरात चिकटला तर बहुधा साधं लोखंड आहे, तो परत करा.

स्क्रू काढला तरी मूठ निघत नाही, ही सगळ्यात जास्त येणारी अडचण. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्षार साचून मूठ स्पिंडलवर सिमेंटसारखी बसते. हातोडी मारू नका. घाव थेट सिरॅमिकच्या चकत्यांपर्यंत पोचतो, त्या चिरतात, आणि मग मात्र कार्ट्रिज खरंच बदलावं लागतं. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून मुठीच्या बुडाला गुंडाळा, थोडं व्हिनेगर वरच्या स्क्रूच्या भोकातही सोडा. अर्धा तास. मग पाण्याने धुऊन मूठ डावीकडे-उजवीकडे थोडी थोडी हलवत वर ओढा. संडास साफ करायचं ॲसिड मात्र जवळही आणू नका. क्षार जातील, सोबत क्रोमही जाईल, आणि खालचं पितळ पिवळं होऊन उघडं पडेल.

निघाली? आता आत बघा.

(मूठ उलटी धरून, आतले दाते दाखवत.)

स्पिंडलच्या टोकावर आणि मुठीच्या पोटात असे बारीक दाते असतात. स्पिंडल पितळेचं. मूठ स्वस्त नळात प्लास्टिकची, बऱ्याच नळांत जस्ताच्या मिश्रधातूची, म्हणजे बहुधा पितळापेक्षा मऊ. त्यामुळे झिजते ती मूठ, आणि तसंच व्हायला हवं, कारण मूठ बदलणं सोपं आहे. पण ती झिजायला सुरुवात होते सैल स्क्रूमुळे. मूठ अर्धा मिलिमीटर वर सरकते, दाते फक्त टोकाला अडकतात, आणि रोजच्या वापरात तेवढेच घासले जातात. म्हणून मूठ डगडगायला लागली की त्याच दिवशी स्क्रू आवळा.

दाते थोडेच झिजले असतील तर स्पिंडलवर टेफ्लॉन टेपचे ३-४ वेढे घट्ट ओढून द्या आणि मूठ दाबून बसवा. काही महिने निघतील. त्याहून टिकाऊ करायचं तर कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियम कॅनची ५ मिलिमीटर रुंद पट्टी कापून दात्यांवर गुंडाळा. कडा धारदार असतात, हातमोजे घाला. प्लास्टिकची मूठ आतून उभी चिरली असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही, मूठच बदला. फेविक्विक किंवा एम-सील भरायचा मोह होतो, मला तो इलाज साफ नामंजूर आहे. मूठ पक्की बसेल खरी, पण पुढे ओ-रिंग बदलायची वेळ आली की मूठ फोडल्याशिवाय आत जाता येणार नाही.

नवी मूठ आणायला जाताना जुनी सोबत न्या आणि स्पिंडलचे दाते मोजून ठेवा. २० दाते असलेल्या स्पिंडलवर २४ दात्यांची मूठ ठोकून बसवली, की दोघांचेही दाते जातात.

जुन्या गोल मुठीच्या नळात मुठीखाली षटकोनी ग्लँड नट दिसेल. बुडातून पाणी येत असेल तर तो घड्याळाच्या दिशेने जेमतेम पाव वळण आवळा, चालू करून बघा. अजून झिरपलं तर आणखी थोडा. खूप आवळलात तर मूठ जड होते आणि घरातली लहान मुलं, म्हातारी माणसं तिला दोन हातांनी ओढू लागतात. आवळूनही थांबत नसेल तर नट वर काढा, आतला कुजलेला दोरा पिनेने उकरून टाका, टेफ्लॉन टेप पिळून त्याची दोरी करा, स्पिंडलभोवती घड्याळाच्या दिशेने ४-५ वेढे द्या आणि नट परत लावा.

पाव वळणाच्या नळात ग्लँड नसते, तिथे कार्ट्रिजवरची ओ-रिंग असते. तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. खोबरेल तेल नको. साधारण २४ अंशांखाली ते गोठतं, त्यामुळे डिसेंबरातल्या पुण्यात सकाळी तोच नळ आणखी जड लागेल. शिवाय ईपीडीएम नावाचं जे रबर नळांत वापरतात, ते तेलाने आणि व्हॅसलिनने फुगतं. कार्ट्रिज बदलायचंच झालं तर त्याची दिशा बघून घ्या. काही डावीकडे उघडतात, काही उजवीकडे, आणि बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारखी दिसतात. चुकीचं बसवलं तर गरम पाण्याचा नळ उलटा चालेल.

एका दांडीच्या मिक्सरला सहसा वर स्क्रू नसतो. दांडीच्या खाली किंवा पुढच्या रंगीत ठिपक्यामागे बारीक भोक असतं, आत ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू. त्याला बहुधा २.५ किंवा ३ मिलिमीटरची ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी लागते. आधी भोकातला क्षार पिनेने खरवडा, की पूर्ण आत गेली पाहिजे, नाहीतर सहा कोन घासून गोल होतात. स्क्रू दोन-तीन वळणंच सैल करा, पूर्ण काढू नका. दांडी लडबडत असेल तर बहुतेक वेळा हाच स्क्रू आवळला की काम संपतं.

परत बसवताना सगळ्यांची चूक इथे होते. आधी स्पिंडल बंदच्या दिशेला शेवटपर्यंत फिरवा, मग मूठ बंदच्या जागेवर ठेवा, मग स्क्रू. २० दात्यांच्या स्पिंडलवर एक दाता चुकला की मूठ १८ अंशांनी तिरकी बसते. मग ती पूर्ण बंद व्हायच्या आधीच टाइलला टेकते आणि आपण नळ खराब म्हणून आणखी जोर लावतो. स्क्रूच्या आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब लावा, सहजासहजी सुटणार नाही आणि हवा तेव्हा काढता येईल. स्क्रू बसला की वर आणखी अर्ध्या वळणाची हौस नको. आटे पितळेत आहेत, ते कापले गेले तर स्पिंडलच बदलावं लागतं.

पाणी सोडा, नळ पाच-सहा वेळा उघडबंद करा, मुठीच्या बुडाला कोरड्या टिश्यूची पट्टी गुंडाळून नळ चालू ठेवा. दहा मिनिटांनी पट्टी कोरडी असेल तर बटण दाबून बसवा.